निळे शॉक

गाडी घरी आली तेव्हा शेजारच्या मामींनी तिच्याभोवती एक फेरी मारून विचारलं होतं, "बाकीची माणसं कुठं बसायची?"

दोनच माणसांची गाडी. छप्पर मागं दुमडणारी, गडद हिरवी, वीस वर्षांहून जुनी, परदेशातून आणलेली. चेन्नईच्या एका डॉक्टरांनी हौसेनं घेतली होती आणि कंबर धरायला लागली तशी विकायला काढली. मी कुंभकोणमला एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतो. पन्नाशी उलटलेला, चष्म्याचा, दुपारी ताकभात खाऊन डुलकी काढणारा माणूस. अशा माणसानं स्पोर्ट्स कार आणली म्हणून नातेवाइकांत बरीच करमणूक झाली. बायको, जी डोळ्यांच्या दवाखान्यात चष्म्याचे नंबर काढायचं काम करते, तीही हसली. पण गाडी घरी आल्यावर माझ्या शेजारच्या सीटवर पहिल्यांदा येऊन बसली तीच.

चेन्नईहून गाडी आणायला माझ्याबरोबर माझा मित्र आला होता. आमची दोस्ती पहिलीपासूनची. आमच्या दोघांचीही घरं तंजावरच्या राजांच्या चाकरीसाठी इकडं आलेल्या कुळांतली. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. वर्गात मराठी बोलणारे आम्ही दोघंच, त्यामुळं मास्तरांच्या देखत आम्हाला काहीही बोलता यायचं. आमची ती मराठी जशीच्या तशी लिहिली तर पुण्याच्या वाचकाला पणजोबांचं पत्र उघडल्यासारखं वाटेल. अजून 'जाहलें' म्हणणारी, मध्येच तमिळ शब्द घेणारी. म्हणून इथं सरळ करून लिहितो आहे.

पुढं तो गाड्यांच्या कामात शिरला. अरसलार नदीच्या पुलाजवळ त्याचं वर्कशॉप आहे. जिल्ह्यात त्याच्यासारखा हात दुसरा नाही, हे मी आजही म्हणेन.

गाडीला एक दोष होता. चाकांच्या वर चार बोटं मोकळी जागा दिसायची. चिखलातून जाताना धोतर वर धरलेल्या माणसासारखी ती उभी असायची. शिवाय शॉक अॅब्सॉर्बर जुने झालेले, त्यांतून तेल पाझरत होतं. मी म्हटलं, बदलायचेच आहेत तर स्प्रिंगाही बदलू, गाडी थोडी खाली बसवू. मित्राचे डोळे चमकले.

"घाई नको," तो म्हणाला. "हे लग्न जमवण्यासारखं आहे. स्प्रिंग आणि शॉक, दोघांची पत्रिका जुळली पाहिजे."

मग सात-आठ महिने आमचे रविवार त्यातच गेले. सकाळी मी कॉफीचा थर्मास घेऊन त्याच्याकडं जायचो. तो एका पुठ्ठ्यावर खडूनं आकृत्या काढायचा. स्प्रिंग गाडीचं वजन उचलते आणि खड्ड्याचा धक्का गिळते, पण गिळल्यावर ती नाचायला लागते. तिचा नाच थांबवायचं काम शॉकचं. गाडी खाली बसवायची म्हणजे स्प्रिंग आखूड घ्यायची. आखूड घेतली की कडक घ्यावी लागते, नाहीतर गाडी आतल्या रबरावर आपटते. आणि स्प्रिंग कडक झाली की तिला आवरणारा शॉकही तेवढाच ताकदीचा लागतो. "नव्या स्प्रिंगेला जुना शॉक म्हणजे माजलेल्या बैलाला म्हातारा गाडीवान," हे त्याचंच वाक्य. एकदा नव्हे, दहा वेळा ऐकवलं असेल.

किती खाली, हा मोठा प्रश्न होता. घरापासून कॉलेजापर्यंत जेवढे गतिरोधक आहेत त्या सगळ्यांची उंची मी पट्टी घेऊन मोजली. देवळाच्या रस्त्यावर उकिडवा बसलेला पाहून एका म्हाताऱ्यानं मला सरकारी माणूस समजून गटाराची तक्रार सांगितली. मी ती लिहूनही घेतली. रथ ओढला जातो त्या रस्त्यावरचे खड्डे, आमच्या फाटकाचा चढ, तिरुनागेश्वरमच्या वाटेवरचा रेल्वेचा रूळ, सगळ्यांचे आकडे वहीत मांडले. उंची कमीजास्त करता येणारे, स्क्रूसारख्या आट्यांचे महागडे संच मित्रानं पहिल्याच महिन्यात बाद केले. "आपल्या धुळीत नि पाण्यात ते आटे दोन पावसाळ्यांत गंजतील. तू रोज चालवणार आहेस, प्रदर्शनात ठेवणार नाहीस." मी आणखी खाली म्हणायचो, तो हात धरायचा. शेवटी दीड बोट खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा ठरल्या आणि त्यांच्या जोडीचे निळे शॉक. त्या शॉकच्या माथ्यावर एक बारीक खुंटी होती; ती फिरवली की शॉक कडक किंवा मऊ व्हायचा.

खोकं आमच्या घरी आलं. ओसरीवर चटईवर मी चारही शॉक मांडले. खुंटी फिरवताना टिक टिक असा आवाज यायचा. बायकोनंही एक हातात घेऊन फिरवून पाहिला. "घड्याळाला किल्ली दिल्यासारखं वाटतं," ती म्हणाली.

बसवायच्या दिवशी मित्रानं मला तिथं थांबू दिलं नाही. "स्प्रिंग दाबून धरलेली असते. सुटली तर डोकं घेऊन जाईल. तू कॉलेजात जा, परवा ये." हे खरंच आहे, दाबलेली स्प्रिंग जिवावरची असते. म्हणून गेलो.

तिसऱ्या दिवशी गाडी पाहिली. काय देखणी दिसत होती! अंग आवरून बसलेल्या मांजरीसारखी. मी टॉर्च घेऊन वाकलो, चाकामागं पाहिलं. निळे शॉक होते. बॉनेट उघडलं. शॉकच्या माथ्यावर काळ्या रबरी टोप्या बसवलेल्या होत्या.

"आत मी बरोबर लावून ठेवलंय," मित्र म्हणाला. "टोपी काढू नकोस. धूळ शिरेल."

मी काढली नाही. दोन बोटांनी उचलली असती तर निघाली असती.

स्वामीमलैवरून इन्नंबूरकडं जाणारा शेतांतला रस्ता माझ्या आवडीचा. त्या रस्त्यावर पहिल्याच दिवशी मला काहीतरी खटकलं. खड्डा गेला की गाडी एकदा वर-खाली होऊन थांबायला हवी. ही पुन्हा व्हायची, आणि पुन्हा. मी मित्राला सांगितलं. "नवीन स्प्रिंगा आहेत, बसायला वेळ लागतो," तो म्हणाला. पंधरा दिवसांनी पुन्हा सांगितलं. त्यानं स्वतः एक चक्कर मारली, खाली उतरून टायरला लाथ मारली. "हवा जास्त भरतोस तू." तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा तो जरा वैतागला. "अरे, आयुष्यभर मऊ गाड्या चालवल्यास तू. ही कंबरेनं चालवायची गाडी आहे. सवय कर."

मी सवय केली. दरवर्षी मी मुलांना शिकवतो की लोंबत्या वजनाला आवर घालणारं काही नसलं तर ते हेलकावतच राहतं. फळ्यावर विरत जाणारी लाट काढतो. तोच माणूस स्वतः सीटवर वर-खाली होत होता आणि स्वतःला सांगत होता की हा आपल्या मनाचा खेळ आहे.

बायकोनं मात्र मनाचा खेळ वगैरे म्हटलं नाही. "पोटात ढवळतं हो," ती म्हणाली. "होडीत बसल्यासारखं. आधी असं नव्हतं." मी तिला लिंबू चोखायला दिलं. दुसऱ्या खेपेला तिनं हेच मित्राच्या समोर सांगितलं, तेव्हा तो हसला. "वहिनींना आता गाडी नको, पालखी पाहिजे!"

मीही हसलो. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि मग दुसरीकडं पाहिलं.

अपघात झाला त्या सकाळी आम्ही तिरुप्पनंदाळला एका लग्नाला निघालो होतो. ती रेशमी साडीत, मांडीवर आहेराची पिशवी. वेग फार नव्हता, हे मी शपथेवर सांगतो. एका वळणावर अर्ध्या रस्त्यात भात वाळत घातलेलं होतं, म्हणून मी थोडा बाजूला झालो. तिथंच मोरीच्या जागी रस्त्याला उंचवटा होता. गाडी त्यावरून खाली बसली, आतल्या रबरावर आपटली आणि उसळली. दुसऱ्यांदा उसळली तेव्हा वळण अजून संपलेलं नव्हतं, आणि मागची चाकं जणू जमिनीला टेकलेलीच नव्हती. गाडीचं मागचं अंग सरकलं. आम्ही भातावरून आडवे घसरत गेलो आणि पुढचं चाक पाटात जाऊन बसलं.

पहिल्यांदा सगळं शांत झालं. मग भात राखणारी बाई ओरडत आली. तिचं निम्मं भात आम्ही चिखलात लोटलं होतं. माझ्या बायकोचा हात पाहिला तशी ती ओरडायची थांबली. धक्का बसताना बायकोनं पुढं हात टेकला होता. मनगट भलत्याच बाजूला वळलं होतं. त्या बाईनं स्वतःच्या लुगड्याची पट्टी फाडून हात गळ्यात बांधला आणि तिला सावलीत नेऊन पाणी पाजलं. बायको रडली नाही. एवढंच म्हणाली, "मी सांगितलं होतं."

मी मित्राला फोन लावला. लागेना. वर्कशॉपमधला माणूस म्हणाला, साहेब कोइम्बतूरला गेलेत, शर्यतीला. शर्यतीशी त्याचा काय संबंध, हे विचारायचं मला त्या वेळी सुचलं नाही. तो गावात नाही, म्हणून गाडी तंजावरच्या दुसऱ्या एका वर्कशॉपला पाठवली.

तिथला मिस्त्री वयस्कर, फार थोडं बोलणारा. चार दिवसांनी त्यानं मला बोलावून घेतलं. गाडीजवळ नेलं, मागच्या बाजूवर दोन्ही हातांनी जोर दिला आणि सोडून दिलं. गाडी वर-खाली, वर-खाली, वर-खाली होत राहिली. बॉनेट उघडून त्यानं रबरी टोपी उचलली. खाली खुंटी नव्हती. साधा गंजलेला नट होता.

"सर, हे कुणी बसवले?"

मी नाव सांगितलं नाही. त्यानं काढलेल्या शॉकवर नखानं ओरखडा काढला. निळा पापुद्रा सुटला. खाली जुना काळा रंग आणि तेलाचा ओघळ. माझ्या गाडीचे मूळचे शॉक होते ते. नव्या कडक स्प्रिंगांखाली तेच म्हातारे शॉक परत बसवले होते.

मी तिथल्या स्टुलावर बसून राहिलो. माझे शॉक कुणीतरी घेतले, एवढं असतं तर मी रागावलो असतो. पण रंग! शॉक दुसऱ्याला देऊन टाकायला एक घटका पुरते. रंग लावायला ब्रश आणावा लागतो, आधी तेल पुसावं लागतं, बरोबर तीच छटा शोधावी लागते. एक हात वाळेपर्यंत थांबून दुसरा द्यावा लागतो. तेवढा सगळा वेळ तो माझा विचार करत बसला असणार.

तो कोइम्बतूरहून परतल्यावर दुपारी मी त्याच्याकडं गेलो. खरवडलेला एक शॉक पिशवीत होता. तो त्याच्या टेबलावर ठेवला. त्यानं पाहिलं आणि हातातला पाना खाली ठेवला.

"वहिनींचा हात कसा आहे?"

"माझे शॉक कुठं आहेत?"

त्यानं तेलकट हात फडक्याला पुसले. मग म्हणाला, "कोइम्बतूरला एकजण आहे. शर्यतीत उतरतो. अगदी तुझ्यासारखीच गाडी. त्याचे शॉक वेळेवर आले नाहीत आणि शर्यत आठवड्यावर आलेली. त्यानं मला बोलावलं, रे. तीस वर्षं मी स्कूटर आणि टॅक्सीवाल्यांच्या गाड्यांत हात काळे करतोय. पहिल्यांदा कुणी शर्यतीच्या गाडीला हात लावायला बोलावलं. वाटलं, तुझे देऊ, तुझ्यासाठी दुसरे मागवू. मग ते राहूनच गेलं."

"मला सांगितलं असतंस तर मीच दिले असते."

"दिले नसतेस," तो म्हणाला. "आणि तुझ्या गाडीवर ते वायाच जात होते. घर, कॉलेज, देऊळ. तुला कळणारही नव्हतं."

"मला कळलं होतं. तीनदा आलो तुझ्याकडं."

"आलास," तो म्हणाला. "पण मी सांगितलेलं ऐकलंसही."

"रंग का लावलास?"

यावर त्याची नजर पहिल्यांदा खाली गेली. "तू वाकून बघतोस. मला माहीत आहे ना."

आवाज वाढला होता, म्हणून कामगार हातातलं काम थांबवून आमच्याकडं पाहायला लागले. तसा तो एकदम तमिळमध्ये शिरला आणि मोठ्यानं म्हणाला, सर, तुमचा माल या महिन्यात मिळेल, काळजी करू नका. मला तो 'सर' म्हणाला. मी पिशवी उचलली आणि बाहेर आलो. पुलावर येईपर्यंत चेहरा सरळ ठेवला, पुढं ठेवता आला नाही.

घरी बायको प्लॅस्टरमधला हात उशीवर ठेवून बसली होती. मी सगळं सांगितलं. वाटलं होतं, ती त्याला शिव्या देईल आणि मला जरा बरं वाटेल. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"त्यानं तुम्हाला फसवलं," ती म्हणाली. "मला तर तुम्ही फसवलंत."

"मी? मला माहीत तरी होतं का?"

"माझ्या पोटात ढवळत होतं ते मला कळत होतं. तुमच्या पाठीला बसत होतं ते तुम्हाला कळत होतं. त्या गाडीत आपण दोघंच बसत होतो. आणि खरं कुणाचं मानलंत, तर जो त्यात बसत नव्हता त्याचं. वर त्याच्याबरोबर हसलात."

त्या दिवसापासून मित्राला दोष द्यायला तोंड उघडलं की हे तिचं बोलणं आडवं येतं.

तिचं प्लॅस्टर निघालं त्यानंतरही दोन महिने ती कुठंही बसनं जात होती. मी आग्रह केला नाही. गाडी तंजावरला तशीच उभी होती. शेवटी मिस्त्रीनंच फोन करून विचारलं, काय करायचं? मी म्हटलं, या वेळी ठरवणारी वेगळी आहे.

ती कशीबशी तयार झाली. मिस्त्रीकडं दोन तऱ्हांच्या स्प्रिंगा होत्या, कुणाच्या तरी काढून ठेवलेल्या, आणि नवे शॉक मागवले होते, पुन्हा खुंटीवालेच. त्यानं बसवताना मी सुरक्षित अंतरावर, पण समोर उभा राहिलो. मग तिला शेजारी बसवून त्यानं स्वतः गाडी चालवली. दवाखान्यात ती लोकांना एक भिंग लावून मग दुसरं लावून विचारते, हे बरं की ते? तसंच तिनं केलं. आधी आखूड स्प्रिंगा, मग थोड्या उंच. खुंटी कडक, मग मऊ, मग मधली. प्रत्येक खेपेला तोच रस्ता, तोच उंचवटा. डोळे मिटून बसायची आणि उतरल्यावर म्हणायची, "आधीचं बरं होतं," किंवा "हे." मिस्त्रीला तिची भाषा दोन फेऱ्यांत समजली. माझं मत कुणी विचारलं नाही.

मूळच्या उंचीहून जेमतेम अर्धं बोट खाली, एवढ्यावर ती थांबली. चाकावरची जागा थोडी दिसतेच. मला ती मांजरीसारखी बैठक आठवून हळहळ वाटते, हे खोटं कशाला बोलू? पण आता खड्डा गेला की गाडी एकदा खाली जाते, वर येते आणि थांबते. बायको तिच्यात बसते. पूर्वीसारख्या गप्पा मारत नाही, रस्त्यावर नजर ठेवून बसते.

मित्रानं माझे शॉक परत पाठवले, पार्सलनं, स्वच्छ पुसून. सोबत चिठ्ठी नव्हती. मी ते मिस्त्रीला देऊन टाकले. आम्ही गावातल्या लग्नामुंजीत भेटतो. तो माझ्या बायकोला हात कसा आहे म्हणून विचारतो, ती बरा आहे म्हणते. माझ्याशी तो हवापाण्याचं बोलतो आणि मीही तेवढंच बोलतो. तीस वर्षांची सवय असल्यामुळं कधीकधी वर्कशॉपवरून जाताना पाय आपोआप ब्रेकवर जातो.

परवा कॉलेजातला एक तरुण सहकारी आला. त्यानं जुनी गाडी घेतली आहे आणि शॉक बदलायचे आहेत. त्याला कुणीतरी माझ्या मित्राचं नाव सुचवलं होतं. "सर, तुमच्या ओळखीतले आहेत ना? देऊ त्यांच्याकडं?"

मी टेबलावरच्या वह्या एकावर एक नीट रचल्या. तो अवघडून उभा राहिला.

"त्याचा हात चांगला आहे," मी म्हटलं. "त्याच्याइतका चांगला दुसऱ्या कुणाचा नाही."

"मग देऊ?"

"दे. पण बसवताना तो जा म्हणाला तरी जाऊ नकोस. लांब राहा, पण दिसेल असा उभा राहा."

त्यानं का म्हणून विचारलं. मी स्प्रिंग सुटली तर धोका असतो, असं काहीतरी सांगितलं आणि तासाला निघून गेलो.